पाचूबंदरला तुटलेला खटका

खटका तुटला तो पाचूबंदरला, सकाळी, मासळीचा लिलाव उरकत आला असताना. जिच्या हातून तुटला तिला दोष देता येत नाही. आमच्या भागात सायकलच्या हँडलवर जे काही बाहेर आलेलं असेल ते पिशवी अडकवण्यासाठीच आहे असं समजतात. केळ्यांची फणी, भाजीची थैली, छत्री, चर्चला मिस्साला जाताना पर्स, सगळं हँडलला लटकत जातं. हा खटका तर नेमका खुंटीच्या आकाराचा होता.

तो काय करायचा ते आधी सांगतो. डोंगरवाटांवर चालवायच्या सायकलींना अलीकडे वरखाली होणारी सीट मिळते. हँडलच्या डाव्या बाजूला, मुठीच्या आत, बोटाएवढा एक खटका असतो. दुकानदार त्याला रिमोट म्हणतात. त्याच्यापासून निघालेली बारीक वायर सायकलच्या नळीतून सीटच्या दांडीपर्यंत जाते. खटका दाबून बसलं की सीट खाली जाते. उठून दाबला की आतल्या हवेच्या दाबाने फस्सकन वर येते. खटका सोडला की सीट असेल त्या उंचीला पक्की होते. ही सोय खडकाळ उतारावरून सायकल सोडणाऱ्या तरुण मुलांसाठी आहे. सीट खाली असली की त्यांना तोल सांभाळता येतो.

मी कुठल्याही उतारावर जात नाही. माझा उजवा खुबा बदललेला आहे. तो पाय ठरावीक उंचीच्या वर उचलत नाही, आणि खाली वाकायलाही डॉक्टरांनी मनाई केली आहे. सीट उंच असली तर पाय पलीकडे टाकता येत नाही. खाली असली तर टाकता येतो, पण मग पॅडल मारताना गुडघा पोटाशी येतो आणि खुबा नको तितका दुमडतो. उजव्या बाजूने चढून पाहिलं. तेव्हा अंगाचा सगळा भार त्याच पायावर आला. थोडक्यात, चढताना सीट खाली हवी, चालवताना वर आणि उतरताना पुन्हा खाली. ही सायकल मी जुनी घेतली ती केवळ त्या खटक्यासाठी.

बायकोने ती घरात येऊ दिली, पण अट घातली. "उतरताना एकदा जरी पडलास, तर दुसऱ्या दिवशी सायकल माझ्या भावाकडे जाणार. तो कधीचा मागतोय." ती शाळेत शिकवते, आणि जाहीर केलेली शिक्षा ती मागे घेत नाही. आम्ही घरात बोलतो ती आमच्या गावची बोली. इथे मी ती छापील मराठीत उतरवली आहे. मूळ वाक्य याहून धारदार होतं.

सायकल गेली तर मी काय करणार, हा खरा प्रश्न होता. वर्तमानपत्राच्या डेस्कवर वर्षं काढली की शरीराला एक खोड लागते. संध्याकाळ झाली की कुठेतरी काहीतरी घडलंय आणि आपल्याला ते अजून कळलेलं नाही, असं वाटत राहतं. नोकरी सुटली, खोड सुटली नाही. खुर्चीत बसलो की उठावंसं वाटायचं. फार चाललो तर खुबा दुखायचा. सायकलवर असताना तेवढं हे सगळं थांबायचं, कारण पाय आधीच हलत असायचे.

त्या सकाळी मी सुरमई घेतली. कोळीण आमची नेहमीची, माझ्या आईलाही तिनेच मासे दिलेले. मी सायकल धरून शेजारी उभा होतो, सीट खाली होती. माझे दोन्ही हात गुंतलेले पाहून ती म्हणाली, "थांब दादा, मीच अडकवते."

पिशवी खटक्यावर बसली. तिच्या वजनाने खटका दाबला गेला आणि रिकामी सीट फस्सकन वर आली.

"आगं बाय!" कोळीण दोन पावलं मागे सरली. "ही उटली कशी?"

शेजारची म्हणाली, "सुरमई बगून उटली. उपाशी ठेवलीय वाटतं."

"पिशवी काढा आधी," मी म्हणालो.

"काय नाय होत. चांगली खुंटी हाय." पिशवी नीट बसावी म्हणून तिने ती खाली ओढली. टक्क असा आवाज झाला. सुरमई जमिनीवर पडली आणि तिच्या मागोमाग खटका.

तिने तो उचलला, पदराला पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. "एवढासा तर हाय. चिकटव."

तो चिकटवण्यासारखा नव्हता. मुळापासून तुटला होता, आणि सीट पूर्ण वर राहिली होती. कोळिणीच्या नवऱ्याने जाळ्याचा नायलॉनचा दोरा आणला. वायरीचं टोक त्यात पकडून त्याने ते ताणलं आणि हँडलला आवळून बांधलं. गाठ उत्तम होती. पण वायर कायमची ताणलेली म्हणजे खटका कायमचा दाबलेला. मी हाताने सीट दाबून खाली नेली, पाय टाकला आणि बसलो. पहिल्या पॅडलला जरा उचललो गेलो, तशी सीट माझ्या मागून वर आली. टेकलो, पुन्हा खाली गेली.

"वरातीतल्या घोड्यावर बसल्यासारका दिसतोस," कोळीण म्हणाली. "जा, बायको ओवाळील."

बंदराजवळच्या किल्ल्यापासून आमच्या सांडोरपर्यंत मी असाच खालीवर होत आलो. घराशी उतरताना एका हाताने सीट दाबून धरावी लागली, नाहीतर ती माझ्याबरोबरच वर आली असती. उतरलो. पडलो नाही. खिशातला फोन तेवढ्यात वाजला. बायको होती, मधल्या सुट्टीत.

"सीट मोडली म्हणे."

"तुला कोणी सांगितलं?"

"तिनेच फोन केला. म्हणाली, बाय, रागावू नको, त्या खुंटीतच दम नव्हता." मग तिने विचारलं, "पडलास?"

"नाही."

"पडता पडता वाचलास?"

"नाही."

"मग सायकल आहे. पण तो खटका नीट होईपर्यंत तिला हात लावायचा नाही."

आयुष्य बातम्यांत गेलं आणि घरची बातमी माझ्याआधी कोळिणीने पोचवली. संध्याकाळपर्यंत ती बातमी मेव्हण्याकडेही गेली होती. त्याच्याकडे भाजी वाहायचा टेम्पो आहे. "भावोजी, टेम्पो पाठवू का?" त्याने विचारलं. मी नको म्हणालो. "बरं. तोवर टायरात हवा तेवढी राखा. माझ्याकडे येताना बसलेली नको."

स्टेशनजवळच्या सायकलवाल्याने तुटका खटका उलटसुलट पाहिला. "काका, ही भानगडच काढून टाकू. साधी दांडी टाकतो. एक हाइट सेट करायची, विषय संपला." एक उंची का चालत नाही ते मी त्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "मग लेडीज सायकल घ्या ना. मधली दांडीच नाही, पाय उचलायचा प्रश्न नाही."

"मी राजोडीला समुद्रकिनारी वाळूवर जातो. जाड टायर लागतात."

"वाळूवर कशाला जाता?"

मी नवा खटका मागवायला सांगितला. तो आला तेव्हा बसेना. वायरीच्या एका टोकाला धातूची बारीक गोळी असते. काही सायकलींत ती खटक्याकडे बसते, काहींत सीटकडे. आमची एका जातीची होती, आलेला खटका दुसऱ्या जातीचा. तो परत गेला, दुसरा मागवला, आणि तो केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नव्हतं.

थंडीचे दिवस होते. वाडीत वाल आणि वांगी भरात होती. मी सकाळी पाणी सोडायला जायचो आणि पाट अर्धा भरायच्या आत घरी परतायचो. परतल्यावर कशासाठी परतलो ते आठवायचं नाही. रेडिओ लावायचा, बंद करायचा. गेटपर्यंत जायचं, रस्त्याकडे बघायचं, रस्त्यावर काही नसायचं. बायको म्हणाली, "एक तर आत ये, नाहीतर बाहेर जा. तू दारात उभा राहतोस आणि माश्या घरात येतात." मी आत आलो. थोड्या वेळाने मी पुन्हा दारात होतो.

तोवरचं ठिगळ मला सुचलं ते दुकानात वाट बघताना. कोपऱ्यात मोडक्या सायकलींचा ढीग होता, आणि त्यातल्या एका जुन्या गिअरच्या सायकलीवर अंगठ्याने फिरवायची दांडी होती. तीही एक वायरच ओढते. पुढच्या टोकाला गिअर आहे की सीट, हे दांडीला कळायचं कारण नाही. सायकलवाल्याला हे पटलं नाही, पण त्याने दांडी काढून दिली आणि बसवूनही दिली. चालली. फरक एवढाच की ती आपोआप परत यायची नाही. पुढे ढकलली की सीट मोकळी, मागे आणली की पक्की.

आता हे तरी तुटू नये म्हणून मी घरी येऊन बंदोबस्त केला. पिशव्यांसाठी उजव्या बाजूला एक आकडा लावला. दांडीवर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला. तिसरी गोष्ट मी डोंगरात सायकल चालवणाऱ्या एका मुलाकडून ऐकली होती. हँडलला धरणारी पकड फार आवळायची नाही. सायकल आपटली तर दांडी हँडलभोवती गोल फिरते आणि मोडत नाही. सल्ला बरोबर आहे. मी स्क्रू बराच सैल केला.

बायकोने अंगणात परीक्षा घेतली. ती पायरीवर बसली, मी चढलो, सीट वर घेतली, आंब्याला वळसा घातला, सीट खाली घेतली आणि उतरलो.

"पुन्हा."

पुन्हा केलं.

"उतरताना माझ्याकडे बघू नकोस. मी बक्षीस देणार नाहीये. पुन्हा."

शेवटी ती म्हणाली, "राजोडीपर्यंत जा. पुढे नाही."

शनिवार होता, तिला सुट्टी होती. मी सकाळी राजोडीला गेलो. ओहोटी होती, वाळू घट्ट होती, पर्यटक अजून यायचे होते. सायकल पाण्याच्या कडेने मऊ चालत होती. खाली उतरावंसं वाटलं नाही, म्हणून उतरलो नाही. वळलो आणि त्याच दमात सांडोरकडे निघालो.

घर दिसायला लागल्यावर मी दांडी पुढे ढकलली. दांडी गेली, तिच्याबरोबर पकडही गेली. सगळं लटांबर हँडलभोवती गोल फिरलं. वायर ताणली गेलीच नाही. सीट वरच राहिली. मी मागे आणून पुन्हा ढकललं, पुन्हा तेच. वाळूच्या धक्क्यांनी सैल स्क्रू आणखी सैल झाला होता. तो आवळायची चावी घरात टेबलावर होती. एका हाताने पकड धरून दुसऱ्याने दांडी ढकलून पाहिली, तेव्हा हँडल सुटून सायकल गटाराकडे निघाली. तो प्रयोग मी सोडून दिला.

तोवर घर आलं आणि गेलं. बायको अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने हात केला. मी पुढे गेलो, वाडीला वळसा घातला, क्रुसाच्या नाक्यावरून वळून पुन्हा घरासमोर आलो. आता तिने हात केला नाही, नुसती बघत राहिली.

तिसऱ्या खेपेला ती गेटवर आली. "अरे, ही काय मिरवणूक आहे?"

"खाली येत नाही!"

"कोण?"

तोवर मी पुढे गेलो होतो. पुढच्या फेरीला सांगितलं, "सीट!"

"मग थांब ना!"

थांबलो असतो तर सीटवरून पुढे घसरून एका पायावर आपटावं लागलं असतं, आणि मग सायकल आडवी पाडून, वाकून, तिच्यावरून पाय काढावा लागला असता. हे चालत्या सायकलवरून समजावणं कठीण होतं. "पडेन!" एवढंच मी ओरडलो. हा शब्द त्या अंगणात उच्चारायचा नव्हता. तिचा चेहरा बघायला मला वेळ मिळाला नाही.

पलीकडच्या घराच्या खिडकीतून शेजारीण म्हणाली, "टीचर, मिस्टर आज किती राउंड मारणार?"

"देवाला ठाऊक," बायको म्हणाली.

पाय भरून आले होते. उजवा खुबा बोलायला लागला होता. पुढच्या फेरीला बायको गेटवर नव्हती. ती नाक्यावर होती, क्रुसाच्या शेजारी. आमच्याकडे नाक्यानाक्यावर दगडी कट्ट्यावर उभे क्रूस आहेत. हा कट्टा साधारण गुडघ्याएवढा उंच आहे. त्यावर कोणीतरी झेंडूचा हार ठेवला होता, तो तिने उचलून बाजूला केला होता.

"इथे लाव. कट्टा डाव्या बाजूला घे. डावा पाय वर ठेव."

मी हळू केलं, कट्ट्याला चिकटून आलो. डावा पाय उचलला आणि अधांतरी धरला. "पायात बूट आहेत."

"ज्याला खिळे ठोकले त्याला तुझ्या बुटाचं काय? ठेव पाय!"

ठेवला. तिने दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि सायकल माझ्यापासून जरा कलती केली. कट्ट्यावर उभा राहिल्याने मी उंच झालो होतो. उजवा पाय सीटला घासत, पण सीटवरून, अलीकडे आला. मी कट्ट्यावर उभा होतो, क्रुसाला हात टेकून, आणि ती खाली सायकल धरून.

"पडलो नाही," मी म्हणालो.

"मी धरलं म्हणून."

"अटीत धरण्याबद्दल काही नव्हतं."

तिने ओढणीच्या टोकाने कट्ट्यावरची माझ्या बुटाची वाळू पुसली, हार जागेवर ठेवला आणि सायकल स्वतः ढकलत घरी नेली. ती पडवीत आतल्या बाजूला, भिंतीला टेकवून ठेवली. मी स्क्रू आवळला, पण ती बघून म्हणाली, "आता राहू दे." निकाल काय आहे, हे तिने त्या दिवशी सांगितलं नाही आणि पुढच्या आठवड्यातही नाही.

त्या आठवड्यात मी पायीच फिरलो, जमेल तितकं. पाहत होतो ते कट्टे. तोवर त्या रस्त्यांवरून जाताना मी कधी त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. ओढ्यावरच्या मोरीचा कठडा योग्य उंचीचा आहे, पण चढणाऱ्याच्या उजव्या हाताला येतो. जुन्या विहिरीची पायरी चांगली, शेवाळ वाईट. चर्चच्या पायऱ्या हव्या तशा आहेत, मात्र तिथे कोणी ना कोणी थांबवून खुब्याची चौकशी करतो. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचा ओटा सर्वांत उत्तम. त्याच्यावर मी उभा राहून पाहिलं, हवेत पाय टाकून पाहिला. खटका असो वा नसो, सीट कायम वर ठेवूनही सांडोरभर हिंडता येईल, असं मला दिसायला लागलं. एकच अडचण होती. निघायची आणि परतायची जागा आमचं घर, आणि आमच्या घराला पायरी होती ती एकच आणि बुटकी, तिच्यावरून पाय पलीकडे जाणार नाही अशी.

जेवताना मी हे सगळं बायकोला सांगितलं. तिने गिरणीचा ओटा किती उंच आहे विचारलं. मी हाताने दाखवलं. "बरं," ती म्हणाली आणि भात वाढला.

रविवारी मिस्सा आटोपून आम्ही घरी आलो आणि पाठोपाठ मेव्हण्याचा टेम्पो गेटसमोर उभा राहिला. मी पडवीतल्या सायकलकडे बघितलं. हवा मी भरून ठेवली होती. निदान त्याबद्दल त्याला बोलता आलं नसतं.

तो उतरला, कंबर धरून उभा राहिला. "भावोजी, हात लावायला या. नाही, तुम्ही राहू द्या. ताई, तू ये."

टेम्पोत मागे, रिकाम्या भाजीच्या पाट्यांमध्ये, एक घडीव दगड होता. त्याच्या जुन्या विहिरीच्या काठावरचा, एका बाजूने वापरून गुळगुळीत झालेला.

"कुठे टाकायचा?"

"गेटच्या बाहेर," बायको म्हणाली. "डाव्या हाताला. निघताना पण उपयोगी, येताना पण."

"मला वाटलं तू सायकल न्यायला आलास," मी म्हणालो.

"मलाही असंच वाटलं होतं. आठ दिवस ही फोनवर दगडाचं माप सांगतेय. माझं नुकसान मीच गाडीत घालून आणलं." त्याने पाटी सरकवली. "वर पाठ गेली ती वेगळी."

दगड उतरवून ठेवला तर तो फार उंच झाला. बायकोने मला शेजारी उभं केलं, माझ्या गुडघ्याशी दगड ताडून बघितला आणि म्हणाली, "खाली घ्यावा लागेल." मेव्हण्याने पहार मारायला सुरुवात केली. मला वाकायची परवानगी नव्हती, म्हणून मी सूचना देत होतो.

"जरा डावीकडे."

"भावोजी, पेपरात लिहा. इथे गप्प राहा."

वीतभर माती निघाली, दगड आत बसला. बायकोने त्यावर स्वतः उभं राहून पाहिलं, उतरली, आणि पडवीतून सायकल घेऊन आली. सीट वर होती. ती तिने वरच ठेवली. "चढ. खटक्याला हात लावायचा नाही."

मी दगडावर चढलो, तिने हँडल धरलं, मी पाय पलीकडे टाकला. तो गेला. सीटवर बसलो तेव्हा डावा पाय अजून दगडावरच होता.

"आता उतर," ती म्हणाली. "उतरून दाखव."

मी दगडाला रेटा दिला आणि सायकल तिच्या हातातून सुटून रस्त्यावर आली.

"अरे, थांब! भोवती माती दाबायची आहे अजून! दगड हलतोय!"

"दाबा तुम्ही," मी ओरडलो. "मी आलोच फिरून."

मागे मेव्हणा काहीतरी म्हणाला आणि बायको हसली की रागावली ते नाक्यापर्यंत कळलं नाही. मी नाका ओलांडून गिरणीच्या दिशेला वळलो.